आहेरबाईंचे सहा कांदे

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आहेरबाईंनी मला तसं बजावलं होतं आणि मी मान हलवली होती. पण नीट आठवलं तर त्यांनी बजावलं ते त्यांच्या आजारपणाबद्दल. प्रयोगशाळेतल्या गमतींबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या. अडचण एवढीच की दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर घडल्या, आणि एक सांगायला गेलं की दुसरी आपोआप बाहेर येते.

शिवाय असे किस्से साठत जातात. आमच्या प्रयोगशाळेच्या सिंकमध्ये परीक्षानळ्या साठतात तसे. एक धुवायची राहते, तिच्यावर दुसरी येते, आणि एक दिवस नळाखाली हात धुवायलाही जागा उरत नाही. मी तशीही फार बोलत नाही. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना माझा आवाज जेमतेम पुढच्या बाकापर्यंत जातो. न बोलणाऱ्याकडे जास्त साठतं.

माणसं चारच आहेत. आहेरबाई आम्हाला नववीला विज्ञान शिकवतात. गांगुर्डेकाका प्रयोगशाळा सांभाळतात. ते दिंडोरीकडचे, आणि सल्फ्युरिक आम्ल सोडलं तर कशालाच घाबरत नाहीत. शीतल माझी मैत्रीण. तिचं घर लासलगावच्या बाजूला, पण शाळेसाठी ती नाशिकला मावशीकडे राहते. चौथी मी, मनीषा.

* * *

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा बाईंना फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर लिहिता येईना. उजवा हात खांद्याच्या वर जायचाच नाही.

वर्गात मी सगळ्यांत उंच. बाईंनी मला बोलावलं, आणि तेव्हापासून फळ्याचा वरचा अर्धा भाग माझा, खालचा त्यांचा. झाडाची आकृती असली की फुलं आणि पानं मी काढायची, खोड आणि मुळं बाई काढायच्या. दोन्ही मधे नीट जुळायची. एखाद्या दिवशी जुळायची नाहीत, मग बाई म्हणायच्या, “कलम केलंय असं समजा.”

मुलींनी विचारलं, “बाई, हाताला काय झालं?”

“खांदा आखडलाय.”

मला मात्र त्यांनी खरं सांगितलं, कारण रोज त्यांच्या इतक्या जवळ उभं राहिल्यावर काखेशी चिकटवलेली पट्टी मला दिसतच होती. त्यांच्या छातीतली गाठ काढली होती. गाठ वाईट निघाली होती. आता डॉक्टर म्हणत होते, जखम भरली की शेक घ्यायचा. सुट्ट्या सोडून रोज, पाच आठवडे. आणि संक्रांतीच्या आत सुरू करायचा, त्याहून उशीर चालणार नाही.

शेक म्हणजे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातली किरणं. मशीनमधून सोडतात. पण दवाखान्यात सगळे शेकच म्हणतात.

“कुणी विचारलं तर काय सांगशील?” बाईंनी विचारलं.

“खांदा.”

त्या संध्याकाळी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “आज शाळेत काय शिकवलं गं?”

मी म्हणाले, “खांदा.”

* * *

काकांना आजार आधीपासून ठाऊक होता. बाई एकट्या राहतात, त्यांची बहीण इगतपुरीला असते, त्यामुळे दवाखान्यात डबा काकांच्याच घरून जायचा. पण ‘शेक’ या शब्दाने काकांची फसगत झाली.

एके सकाळी ते प्रयोगशाळेत आले ते रुमालात काहीतरी गुंडाळून. टेबलावर ठेवलं तर ठक्क असा आवाज झाला. वीट होती.

“बाई, तेवढ्यासाठी रोज कशाला दवाखान्यात जायचं? बर्नरवर मी रोज गरम करून देतो. माझी कंबर यानंच बरी झाली. लय गुण हाय विटेला.”

बाई खूप हसल्या. हसताना उजव्या बाजूला हात दाबून धरला होता त्यांनी. मी डिंकाच्या बाटलीचं झाकण शोधत असल्यासारखं करत होते.

मग त्या म्हणाल्या, “काका, माझ्या आईला शेक दिला होता. मी तेव्हा हिच्याएवढी होते.” हिच्याएवढी म्हणजे माझ्याएवढी. “आईची कातडी काळी पडली. वांगं भाजतो ना, तशी. ती मला जवळ येऊ द्यायची नाही. वास येतो म्हणायची.”

“आता मशिनी नव्या आल्यात म्हणतात,” काका म्हणाले.

“तेव्हाही नवीच होती.”

काकांनी वीट परत रुमालात बांधली. दिवसभर ती कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. कपाटात ठेवली, काढली, खिडकीत ठेवली, तिथूनही काढली. शेवटी दार लागू नये म्हणून दाराला लावली. तेव्हापासून आमची प्रयोगशाळा सदा उघडी असते.

* * *

मग बाटली आली. बाईंचा भाचा परदेशात असतो, त्याने कुणाबरोबर तरी पाठवली होती. आत पांढऱ्या कॅप्सूल होत्या. वर इंग्रजीत जे नाव होतं ते मला एका दमात वाचता आलं नाही. रेस्व्हेराट्रॉल.

काकांनी चष्मा लावला. “रेस... वे... रा... रसवंती ट्रॉली?”

झालं. त्या दिवसापासून आम्ही सगळे त्याला रसवंतीच म्हणायला लागलो. बाईसुद्धा.

बाईंनी सांगितलं, हे द्रव्य द्राक्षाच्या सालीत असतं. काका एकदम ताठ बसले. दिंडोरीचा माणूस, द्राक्षांवरून कुणी त्यांना काही शिकवावं हे त्यांना चालत नाही.

“द्राक्षाच्या सालीतलं? मग ते इमानातून कशाला मागवायचं? माझ्या मेव्हण्याच्या बागेत चला. सालीसकट खा पाहिजे तेवढी.”

“काका, या एका कॅप्सूलएवढं पोटात जायला किती द्राक्षं खावी लागतील?”

“किती?”

“टेम्पोभर धरा.”

काकांनी थोडा विचार केला. “मग टेम्पो सांगू का?”

बाटली बाईंनी त्यांच्या टेबलावर ठेवली, नावाची बाजू आमच्याकडे आणि मागची बाजू भिंतीकडे करून. टेबल पुसताना मी ती उचलली. मागे खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे औषध नाही, आहाराला पूरक आहे. मी पुसून झाल्यावर बाटली होती तशीच ठेवली. तोंड आमच्याकडे, पाठ भिंतीकडे.

* * *

बाईंचा एक नियम सगळ्या शाळेला माहीत आहे. पहिल्या चाचणीत मी लिहिलं होतं, ‘धुरामुळे दमा होतो.’ बाईंनी अर्धा मार्क कापला. मी काही विचारायला जात नसते, पण चेहऱ्यावर दिसलं असावं.

“होऊ शकतो,” बाई म्हणाल्या. “‘शकतो’ हा शब्द विज्ञानात फुकट मिळत नाही, मनीषा. त्याला अर्धा मार्क आहे.”

त्यानंतर आमच्या वर्गातल्या मुली शकतो-शकते इतकं जपून लिहायला लागल्या की एकीने भूगोलाच्या पेपरात ‘गोदावरी नाशिकमधून वाहू शकते’ असं लिहिलं.

तर रसवंतीबरोबर भाच्याने वर्तमानपत्रातलं एक कात्रणही पाठवलं होतं. बाईंनी ते वहीत चिकटवलं. डिंक मीच लावला, म्हणून मला ते जवळजवळ पाठ आहे. काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी वाढवल्या, त्यांच्यावर हे द्रव्य घातलं, आणि त्यांची वाढ कमी दिसली. माणसाच्या शरीरात असंच होतं का, ते अजून पाहायचं आहे. या द्रव्याने कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावू शकते.

दुपारी काका बरण्या पुसत होते. बाईंनी त्यांना कात्रण वाचून दाखवलं. बशीचं वाचलं, पेशींचं वाचलं. अजून पाहायचं आहे, तिथे त्यांना खोकला आला आणि ती ओळ राहिली. शेवटी त्या म्हणाल्या, “या द्रव्याने कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावते.”

“मग झालं की,” काका म्हणाले.

मी कात्रणाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाईंचा अर्धा मार्क कापावा असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

* * *

पण काही झालं तरी बाई विज्ञानाच्या. नुसत्या कात्रणावर विश्वास ठेवून त्या कॅप्सूल घेईनात. आणि शेकाची तारीखही घेईनात. म्हणाल्या, “माझ्या डोळ्यांनी बघेन, मग ठरवेन.”

आम्हाला विज्ञान प्रदर्शनासाठी विषय हवाच होता. माझं आणि शीतलचं नाव घातलं. बाई म्हणाल्या, कर्करोगाच्या पेशी म्हणजे भराभर विभागत सुटलेल्या पेशी. आपल्याकडे तशा पेशी कुठून आणणार? पण कांद्याच्या मुळाचं टोक घ्या. तिथेही पेशी भराभर विभागतात, म्हणून तर दोन दिवसांत मुळ्या लांब होतात. कांदा पाण्यावर बसवला की झालं. नाशिक जिल्ह्यात आणखी काय पाहिजे?

एकाच गोणीतून सारख्या मापाचे सहा कांदे निवडले. तीन साध्या पाण्यावर बसवायचे, तीन रसवंती घातलेल्या पाण्यावर. रसवंती पाण्यात विरघळेना, नुसती तरंगत राहिली. मग बाईंनी ती आधी स्पिरिटच्या थेंबांत विरघळवली. आणि स्पिरिटचे तेवढेच थेंब साध्या पाण्याच्या ग्लासांतही घातले.

“फरक एकाच गोष्टीचा पाहिजे,” त्या म्हणाल्या. “दोन गोष्टींचा फरक झाला की प्रयोग मेला.”

मी चिठ्ठ्या केल्या. तिघांना ‘पाणी’, तिघांना ‘रसवंती’. चिठ्ठ्या कांद्यांना दोऱ्याने बांधल्या आणि शनिवारी ट्रे खिडकीत ठेवून आम्ही घरी गेलो.

सोमवारी ट्रेमध्ये तीनच कांदे. तिन्हींवर ‘पाणी’.

“काका, बाकीचे कांदे?”

“ते होय? शनिवारी टीचर रूममधे भेळ केली ना. कांदा कमी पडला.”

“अहो, पण ते प्रयोगाचे होते,” शीतल रडायच्या बेताला आली.

“मला काय ठावं? चिठ्ठी वाचून तर घेतले. पाणी लिवलं होतं ते नाय घेतले. रसवंती लिवलं होतं ते खायचेच असतील की!”

 शीतल धावत मावशीकडे गेली आणि तीन कांदे घेऊन आली. आदल्या दिवशीच तिच्या वडिलांनी गावाहून पिशवी आणली होती. बाईंनी तराजूवर जुन्या-नव्या कांद्यांची वजनं केली, रंग पाहिला, बुडं तपासली. सगळं सारखं. मी नव्या तीन कांद्यांना ‘रसवंती’च्या नव्या चिठ्ठ्या बांधल्या. सहाही कांदे एकाच वेळी ग्लासांवर बसवले.

* * *

पाचव्या दिवशी पाण्यावरच्या तिन्ही कांद्यांना पांढऱ्या दाढ्या आल्या होत्या. लांब, दाट, ग्लासच्या तळाला टेकलेल्या.

रसवंतीवरच्या कांद्यांना तांदळाच्या दाण्याएवढी टोकं फुटली होती आणि तिथेच थांबली होती. तिन्हींना. एकाचाही अपवाद नाही.

बाईंनी पट्टीने मोजलं. वहीत लिहिलं. मग म्हणाल्या, “काका, जरा दुसरी पट्टी द्या.”

दुसऱ्या पट्टीनेही तेच आलं. बाई खुर्चीवर बसल्या. दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची ती उभी आठी गेलेली मी पाहिली. त्यांनी बाटली उघडली, एक कॅप्सूल काढली आणि पाण्याबरोबर घेतली.

“काका, ऑफिसातून दवाखान्यात फोन करा. सोमवारी तारीख ठरवायला बोलावलंय ना, येत नाही म्हणावं.”

“मंग कधी येता म्हणू?”

“काही म्हणू नका. येत नाही, एवढंच.”

संक्रांतीला तीन आठवडे उरले होते. शीतलने माझा हात धरून उडी मारली. मी पण थोडी मारली.

* * *

प्रदर्शन दुसऱ्या एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. आमच्या एका बाजूला ज्वालामुखी, दुसऱ्या बाजूला सौर चूल. आम्ही सहा ग्लास घेऊन उभ्या. बाई थकल्या होत्या, म्हणून हॉलच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसल्या होत्या.

परीक्षक सर आले. बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशांचे, बोलायला फार मऊ. मी पाठ केलेलं सगळं म्हटलं. माझा आवाज सौर चुलीपर्यंतही गेला नसेल, पण ते वाकून ऐकत होते.

“छान. स्पिरिट दोन्हीकडे घातलंत, हे फार छान. आता मला सांगा, सगळे कांदे एकाच गोणीतले का?”

मी शीतलकडे पाहिलं. बोलायचं काम आलं की मी शीतलकडे पाहते.

“नाही सर,” शीतल अभिमानाने म्हणाली. “हे तीन आमच्या वडिलांच्या कामावरचे आहेत. पेशल. यांना महिनोन्‌महिने मोड येत नाहीत सर.”

“वडील कुठे असतात?”

“कांद्याला किरणं मारतात ना सर, त्या केंद्रात. मोड फुटू नयेत म्हणून मारतात. मग कांदा तसाच्या तसा राहतो.”

सर ग्लासांकडे बघत राहिले. मग शीतलकडे बघून हसले. त्यात चेष्टा नव्हती, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. कागदावर काहीतरी लिहून ते ज्वालामुखीकडे गेले.

शीतलला अजून काही कळलं नव्हतं. “बघ, किती खूश झाले सर,” ती म्हणाली.  मुळ्या रसवंतीने थांबल्या नव्हत्या. त्या कांद्यांच्या मुळ्या आमच्याकडे यायच्या आधीच थांबवलेल्या होत्या. आणि बाई त्या मुळ्यांच्या भरवशावर शेक सोडून बसल्या होत्या.

बाई उठून आल्या. “काय विचारलं गं परीक्षकांनी?”

मी म्हणाले, “नाव विचारलं.”

* * *

खरं सांगायचं तर मला वाटत होतं, माझंच चुकत असेल. म्हणून मी घरी प्रयोग लावला. शीतलकडून तिच्या वडिलांचे तीन कांदे घेतले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत नुसत्या साध्या पाण्यावर बसवले. शेजारी आमच्या घरच्या टोपलीतले तीन कांदे रसवंतीच्या पाण्यावर. शाळेच्या प्रयोगातलं रसवंतीचं पाणी उरलं होतं, ते काकांनी मला बाटलीत काढून दिलं. कशासाठी ते विचारलं नाही.

आई म्हणाली, “हे काय? कांद्यांना आंघोळ?”

“शाळेचं आहे.”

“खांद्याचं झालं, आता कांद्याचं.”

मी त्या कांद्यांसाठी देवाला नमस्कार केला. हसू नका. रोज उठल्या उठल्या आधी खिडकीत जायचे. किरणं मारलेल्या कांद्यांना साध्या पाण्यात मुळ्या येऊ देत, एवढंच मागायचे. म्हणजे रसवंती खरी, बाई खऱ्या, आणि मला काही सांगावं लागणार नाही.

पाचव्या दिवशी आमच्या टोपलीतल्या कांद्यांना रसवंतीत मुळ्या आलेल्या. शाळेतल्या साध्या पाण्यावरच्या मुळ्यांपेक्षा जरा आखूड असतील, किंवा मला तसं वाटावंसं वाटत असेल. शीतलच्या कांद्यांना साध्या पाण्यात तांदळाचा दाणा. तिन्हींना.

मी दुसरी पट्टी घेतली. तिनेही तेच सांगितलं.

संक्रांतीला आठ दिवस राहिले होते. शाळेत गेल्यावर मी काकांना सगळं सांगितलं. एका दमात मी एवढं कधी बोलले नव्हते. काका म्हणाले, “भेळ मी केली म्हणून झालं ना हे सगळं.”

“तुम्ही सांगाल बाईंना?”

काकांनी कपाटाकडे पाहिलं. तिथे सल्फ्युरिक आम्लाची बाटली होती. “ती बाटली हलवायची आसंल तर सांग पोरी,” ते म्हणाले. “ती हलवतो. हे मला नाय जमायचं.”

* * *

वेळ थोडाच आहे, म्हणून हा शेवटचा किस्सा भरभर सांगते.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी घरून आणलेले तीन ग्लास बाईंच्या टेबलावर ठेवले. काका दारात उभे होते, आतही नाही आणि बाहेरही नाही. बाईंनी वह्या तपासायचं पेन खाली ठेवलं. कांद्यांची बुडं पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. तो बघवेना.

“पुन्हा तेच आलं की. यात किती घातलीस रसवंती?”

“नाही घातली, बाई. साधं पाणी आहे.”

“मग मुळ्या का नाहीत?”

मी घरून दहा वाक्यं तयार करून आणली होती. एकही आठवेना. मी म्हणाले, “बाई, या कांद्यांना शेक दिलेला आहे.”

 मग बाईंनी एकेक प्रश्न विचारला आणि मी एकेक उत्तर दिलं. कुठून आणले. कधी आणले. प्रयोगातले तीन त्यातलेच का. सगळ्यांची उत्तरं देताना मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. बाईंनी प्रयोगवही ओढली, आमचं पान काढलं आणि लाल पेनाने लिहिलं, ‘तीन कांदे वेगळे. निष्कर्ष रद्द.’ खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली.

मला वाटलं, आता त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी एक कांदा ग्लासवरून उचलला. चष्मा वर करून त्याला सगळीकडून पाहिलं. बोटाने दाबला. नाकाशी धरला.

“कुठे काळा पडला नाहीये,” त्या म्हणाल्या.

“नाही, बाई.”

“वास?”

“कांद्याचाच आहे.”

त्यांनी ड्रॉवरमधलं छेद घ्यायचं पातं काढलं, स्पिरिटने पुसलं आणि कांदा मधोमध कापला. आतून पांढराशुभ्र. रस निघाला. आम्हा तिघांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि कांदा होता म्हणून बरं, कुणाला काही विचारावं लागलं नाही.

प्रयोगशाळेतलं काहीही तोंडात घालायचं नाही, हे बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावलेलं आहे. त्या पाटीसमोर उभं राहून बाईंनी त्या कांद्याची एक पाकळी सोलली आणि कचकन खाल्ली. सावकाश चावली. दुसरी खाल्ली. मग एक काकांना दिली, एक मला.

काकांनी खाल्ली. “गोड हाय,” ते म्हणाले.

बाईंनी हात धुतले. पर्स घेतली. टेबलावरची रसवंतीची बाटली आधी उचलली, मग परत ठेवली, मग कपाटात टाकली.

“काका, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का?”

“हाय की. कुठं जायाचंय?”

तेव्हा बाई काय म्हणाल्या ते सांगते. माझ्याकडे वळल्या, उजवा हात जेवढा वर जातो तेवढा वर केला, आणि म्हणाल्या, “मनीषा, आज फळ्याचा वरचा

थांबा, काका हाक मारताहेत. शेकासाठी बाईंचा नंबर आला, मशीनच्या खोलीत घड्याळ आणि चष्मा नेता येत नाही, ते धरायला मला